राजा उदार झाला, आणि मंत्र्याने चित्र काढून घेतलं

ज्यांनी हा भाग बसमध्ये किंवा लोकलच्या गर्दीत ऐकला त्यांच्यासाठी हे लिखित रूप. चित्रावरचा एपिसोड नुसता ऐकून अर्धाच पोहोचतो, आणि यातली जर्मन-इटालियन नावं कानाने पकडणं जरा जडच आहे. म्हणून आधी एक काम करा. दुसऱ्या टॅबमध्ये ‘तिएपोलो, मायसीनस, ऑगस्टस’ असं काहीतरी टाका. स्पेलिंग चुकलं तरी सर्च तुम्हाला सांभाळून घेईल. चित्र आलं की उघडं ठेवा आणि मग पुढे वाचा.

आधीच सांगतो, मी बीटेक झालेला, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. चित्रकलेचं माझं शिक्षण शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपाशी संपलं. पण एक सवय कामातून लागली आहे. एखादी सिस्टीम समोर आली की ती कोणी बनवली, कोणासाठी बनवली आणि डेटा कुठून कुठे जातो, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे चित्र मी त्याच नजरेने बघत गेलो आणि चक्क दोन शनिवार-रविवार त्यात गेले.

तर चित्र. साल १७४३. चित्रकार जोव्हान्नी बात्तिस्ता तिएपोलो, राहणार व्हेनिस. उंची साधारण ७० सेंटिमीटर, रुंदी ९०च्या आतबाहेर. म्हणजे रुंदीला घरातल्या ४० इंची टीव्हीएवढंच. आज ते रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. तिथे ते का आहे, तो या गोष्टीचा शेवटचा भाग. नाव मोठं आहे: ‘मायसीनस सम्राट ऑगस्टससमोर कलांना सादर करतो’.

उंच पायऱ्या, वर सिंहासन, त्यावर रोमचा सम्राट ऑगस्टस. हाच तो, ज्याच्यावरून आपल्या कॅलेंडरात ऑगस्ट महिना आला. त्याच्याजवळ उभा आहे मायसीनस, सम्राटाचा मित्र आणि सल्लागार. तो हाताने खाली दाखवतोय. खाली आहेत काही बायका. या बायका म्हणजे माणसं नव्हेत, कला आहेत: चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला. कोण कोणती ते त्यांच्याजवळच्या वस्तूंवरून ओळखायचं. आपल्याकडे नाही का, वीणा दिसली की सरस्वती? तसंच. चौथी कला म्हणजे काव्य, पण त्यासाठी बाई नाही. तिथे आंधळा महाकवी होमर आहे, एका मुलाच्या आधाराने आलेला. होमर आणि ऑगस्टस यांच्यामध्ये काही शतकं गेली आहेत, दोघं एका खोलीत येणं शक्यच नाही. तिएपोलोला त्याचं काही नाही. त्याच्या चित्रांत काळाचा हिशोब नाटकासारखा असतो: ज्याची गरज आहे त्याने स्टेजवर यायचं.

आणि हो, मागे बघा. कमानीतून लांबवर एक इमारत आणि बाग दिसते. सध्या फक्त बघून ठेवा.

पहिल्या नजरेला अर्थ सोपा आहे. राजा उदार आहे, कला त्याच्या पायाशी आल्या आहेत, तो त्यांना आसरा देणार. मराठीत यासाठी छान शब्द आहे, राजाश्रय. संपलं? मलाही तसंच वाटलं होतं. मग मी एक साधा प्रश्न विचारला: हे चित्र काढायला सांगितलं कोणी?

ऑगस्टसने तर नाही, तो जाऊन सतराशे वर्षं झाली होती. इथे दुसरा ऑगस्टस येतो. ऑगस्टस तिसरा, जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक आणि सोबत पोलंडचा राजा. राजधानी ड्रेस्डेन. नावातच श्लेष तयार होता, चित्रकाराला फार कष्ट घ्यावे लागले नाहीत. रोमचा ऑगस्टस दाखवा, ज्याला समजायचं त्याला समजेल.

पण ऑगस्टस तिसऱ्यानेही हे चित्र सांगितलं नव्हतं. ते तयार झालं त्याच्या मंत्र्यासाठी. मंत्र्याचं नाव काउंट हाइनरिश फॉन ब्र्यूल. जुन्या राजाच्या दरबारात हरकाम्या पोरगा म्हणून सुरुवात केली आणि चढत चढत नव्या राजाचा उजवा हात झाला. १७४६ मध्ये तो अधिकृतपणे पंतप्रधान झाला, पण १७४३ मध्येही कारभार त्याच्याच हातात होता. राजाला चित्रं, ऑपेरा आणि शिकार यांची आवड. फायली बघायची आवड नाही. त्या ब्र्यूल बघायचा.

आता चित्र परत बघा. सिंहासनावरचा ऑगस्टस म्हणजे राजा. मग कलांना पुढे आणणारा, हात दाखवणारा मायसीनस कोण? ब्र्यूलसाहेब! आणि कमानीतून मागे दिसणारी ती इमारत? प्राचीन रोममधली वगैरे काही नाही. ते ड्रेस्डेनमध्ये एल्ब नदीकाठी असलेलं ब्र्यूलचं स्वतःचं घर आहे, बागेसकट. रोमच्या सम्राटाच्या दरबारातून खिडकीबाहेर बघितलं तर मंत्र्याचा बंगला दिसतोय.

हे कळलं तेव्हा मी खरंच मोठ्याने हसलो. ‘राजा उदार झाला आणि हाती भोपळा दिला’ ही म्हण आपल्याला माहीत आहे. इथे राजा उदार झाला आणि मंत्र्याने त्यावर आपला वॉटरमार्क टाकला.

नीट बघा म्हणजे लक्षात येईल, चित्राचा विषय देणं हा नाहीच. विषय आहे ओळख करून देणं. क्लायंट डेमो ज्यांनी अनुभवलाय त्यांना हे लगेच कळेल. सहा महिने कोड टीमने लिहिलेला असतो, पैसे क्लायंटचे असतात, आणि मधे उभं राहून एक माणूस म्हणतो, ‘सर, ही माझी टीम.’ खोटं काहीच नसतं त्यात. टीम खरी, काम खरं, क्लायंटही खरा. पण फोटोत मधोमध कोण येतं? मी अशा दोन-तीन फोटोंत कडेला उभा आहे, त्यामुळे त्या कलांच्या बायकांबद्दल मला जरा जास्तच सहानुभूती आहे.

पण थांबा, साखळी अजून संपली नाही. ब्र्यूल आणि तिएपोलो यांच्या मधे आणखी एक माणूस आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेशीर तोच आहे. फ्रांचेस्को अल्गारोत्ती. जन्म १७१२, व्हेनिसचा. ऐन पंचविशीत त्याने न्यूटनचं भौतिकशास्त्र सामान्य वाचकांना, खास करून बायकांना, संवादातून समजावणारं पुस्तक लिहिलं. ते १७३७ मध्ये आलं आणि युरोपभर गाजलं. आजच्या भाषेत विज्ञान समजावून सांगणारा पहिल्या फळीतला क्रिएटर. प्रशियाच्या फ्रेडरिकने गादीवर आल्या आल्या, १७४० मध्ये, त्याला काउंट केलं. मग तो ड्रेस्डेनच्या दरबारात आला आणि १७४३ मध्ये ऑगस्टस तिसऱ्याने त्याला चित्रं विकत घ्यायला व्हेनिसला पाठवलं.

म्हणजे राजाच्या खर्चाने, राजाच्या गॅलरीसाठी खरेदी करायला हा माणूस मायदेशी आलाय. आणि ती खरेदी करता करता तो तिएपोलोकडून मंत्र्यासाठी दोन चित्रं करवून घेतो. एक आपलं मायसीनसचं. दुसरं फ्लोरा या फुलांच्या देवीचं, जे आज सॅन फ्रान्सिस्कोत आहे. त्या दुसऱ्या चित्रातही मागे ब्र्यूलच्या मालमत्तेची खूण आहे: त्याच्या दुसऱ्या बागेतलं नेपच्यूनचं कारंजं. दोन चित्रं, दोन्हीकडे मंत्र्याची प्रॉपर्टी. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

अल्गारोत्तीला काय हवं होतं? दरबारात कलेचा कारभार बघणारं मोठं पद. राजाचा संग्रह कसा वाढवावा याची त्याने आखीव योजना दिली होती. त्याला सल्लागाराची पदवी मिळाली, पण मनासारखं पद काही मिळालं नाही. पुढे काही वर्षांत तो परत फ्रेडरिकच्या दरबारात गेला. जॉब स्विच.

मग आता औदार्याची ही पाइपलाइन मांडून बघा. अल्गारोत्ती ब्र्यूलला सांगतोय, ‘तुम्ही मायसीनस आहात.’ ब्र्यूल भिंतीवर हे चित्र लावून राजाला सांगतोय, ‘तुम्ही ऑगस्टस आहात, आणि तुमच्यापर्यंत कला मी आणल्या.’ चित्र स्तुती करतंय राजाची, पण प्रत्येक पायरीवर एक मागणं आहे.

असं मागणं त्या दरबारात नवीन नव्हतं, आणि मागणारे सगळे लबाड होते असंही नाही. १७३३ मध्ये जर्मनीतल्याच लाइपझिग शहरातल्या एका संगीतकाराने याच राजाला स्वतःची रचना पाठवली. सोबत अर्ज: मला दरबारी संगीतकाराची पदवी द्या. लाइपझिगमध्ये त्याचं वरिष्ठांशी पटत नव्हतं, पदवी मिळाली तर जरा वजन पडलं असतं. पदवी यायला १७३६ उजाडलं. तीन वर्षं! त्या अर्जदाराचं नाव योहान सेबास्टियन बाख. आणि अर्जासोबत पाठवलेली रचना पुढे त्याच्या ‘बी मायनर मास’चा पहिला भाग झाली. पाश्चात्त्य संगीतातल्या सर्वोच्च कलाकृतींत ती मोजली जाते. ऐकली नसेल तर हा लेख संपल्यावर ऐका, हेडफोन लावून. ती पण मुळात एका अर्जाची अटॅचमेंट होती.

आता थोडं रोकोकोबद्दल, कारण त्याशिवाय हे चित्र असं का दिसतं ते कळणार नाही. रोकोको ही अठराव्या शतकातली शैली. शब्द आला फ्रेंचमधल्या शिंपले-खडे लावून केलेल्या सजावटीच्या नावावरून. त्याआधीची बरोक शैली गडद, जड, छातीवर येणारी. रोकोको हलकी. फिके गुलाबी, आकाशी, मोतिया रंग, गिरक्या घेणाऱ्या रेषा. राजेशाहीच्या स्तुतीचा विषय बरोकमध्ये गर्जना करून येतो, रोकोकोमध्ये तो हसत हसत, चहाच्या कपासोबत येतो. तिएपोलो यात उस्ताद होता. त्याच्या चित्रातला प्रकाश सकाळी दहाचा असतो. कपडे तो सोळाव्या शतकातल्या व्हेरोनेझे या चित्रकाराकडून उचलायचा, म्हणून त्याचे रोमन लोक व्हेनिसच्या नाटकातले वाटतात. आणि तो खूप वेगाने काम करायचा.

हा हलकेपणाच इथे कामाला येतो. खुशामत जड झाली की लाज वाटते. देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. तिएपोलो ती इतकी हवेशीर करतो की भिंतीवर लावायला कोणालाच संकोच वाटत नाही. हेच त्याने नंतर प्रचंड आकारात केलं. १७५० ते १७५३ दरम्यान जर्मनीतल्या वुर्त्सबर्गमध्ये जिन्यावरचं अख्खं छत त्याने रंगवलं. तिथला शासक बिशप होता. त्याचं पोर्ट्रेट आकाशात वर चाललंय आणि खाली कडेने चारही खंड त्याच्या मानवंदनेला जमलेत, हत्ती आणि मगरीसकट. एका छोट्या संस्थानाच्या बिशपसाठी अख्खं जग! पण वर मान करून बघणारा माणूस हिशोब विसरतो. त्याच छतावर एका कोपऱ्यात तिएपोलोने स्वतःचा चेहराही घालून ठेवलाय. क्रेडिट्स त्यालाही हवे होतेच.

बरं, ज्या रोमन जोडीची उपमा दिली आहे, तिची खरी गोष्ट काय? इथे मला थोडं थांबायचंय.

मायसीनस खरा होता. श्रीमंत, हुशार, आणि ऑगस्टसच्या राजवटीला चांगलं नाव मिळावं म्हणून कवींना जवळ करणारा. व्हर्जिल आणि होरेस हे लॅटिनमधले दोन सगळ्यात मोठे कवी त्याच्या गोटातले. त्याचं नाव इतकं चिकटलं की जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा कितीतरी भाषांत कलेच्या आश्रयदात्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. पोलंडमध्ये तर वकिलाला आदराने हाक मारायची तरी ‘मेचेनास’ म्हणतात.

होरेसला मायसीनसने शेत दिलं. रोमजवळच्या साबिन डोंगराळ भागातलं. त्या शेताच्या जिवावर होरेसने निवांत कविता लिहिल्या. औदार्याचं पुस्तकात देतात तसं उदाहरण. पण दोन-चार पानं मागे उलटा. होरेस तरुणपणी यादवी युद्धात ऑगस्टसच्या विरुद्ध बाजूने लढला होता. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये फिलिप्पीच्या लढाईत त्याची बाजू हरली. जिंकणाऱ्यांना आपल्या सैनिकांना जमिनी वाटायच्या होत्या, म्हणून इटलीत गावंच्या गावं जप्त झाली. त्यात होरेसची वडिलोपार्जित जमीनही गेली. ऑगस्टसला तेव्हा ऑक्टेव्हियन म्हणायचे. ही वाटणी त्याच्याच हातून झाली होती.

म्हणजे ज्या सत्तेने शेत घेतलं, त्याच सत्तेच्या मित्राने शेत दिलं. होरेसचं नशीब की तो कवी होता. त्याच्या गावातले बाकीचे ज्यांची जमीन गेली, त्यांना कोणी मायसीनस भेटला नाही.

हे वाचल्यावर ते चित्र मला पहिल्यासारखं दिसेना. औदार्य खोटं आहे असं मला म्हणायचं नाहीये. शेत खरंच दिलं, कविता खरंच झाल्या. पण चित्राची फ्रेम कुठे कापायची हे ठरवणारा माणूस दाता असेल, तर घेण्याचा सीन फ्रेमबाहेर राहतो आणि देण्याचा आत येतो. आपल्या चौकातला फ्लेक्स बघा. रस्त्याचं काम झालं की हात जोडलेला फोटो लागतो, रस्त्याचे पैसे कोणाचे ते फ्लेक्सवर नसतं.

सॅक्सनीतही फ्रेमबाहेर बरंच काही होतं. ऑगस्टस तिसरा चित्रांसाठी पैसे ओतत होता, हे शंभर टक्के खरं. १७४५-४६ मध्ये त्याने इटलीतल्या मोडेनाच्या ड्यूककडून एका झटक्यात १०० चित्रं घेतली. किंमत १,००,००० झेक्कीनो. झेक्कीनो म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, साधारण साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. गुणाकार मी केला: ३५० किलो सोनं. १७५४ मध्ये राफाएलची ‘सिस्टीन मॅडोना’ आली. तुम्ही म्हणाल आम्हाला माहीत नाही, पण माहीत आहे. तिच्या तळाशी हनुवटीला हात लावून कंटाळलेले दोन छोटे देवदूत आहेत ना, ग्रीटिंग कार्डांवर आणि टी-शर्टवर असतात ते? तेच.

आणि ब्र्यूल? तोही मागे नव्हता. त्याच्यासाठी माइसेनच्या कारखान्याने हंसांची नक्षी असलेला चिनी मातीचा डिनर सेट बनवला, २,००० हून जास्त नग. घरातल्या ग्रंथालयात सुमारे ६२,००० पुस्तकं. चित्रं सहाशेच्या वर. हे सगळं एका मंत्र्याचं. कर गोळा करणारी खाती त्याच्याच ताब्यात होती, त्यामुळे सरकारी तिजोरी कुठे संपते आणि ब्र्यूलचा खिसा कुठे सुरू होतो, हे त्याच्या मरणानंतर चौकशी करणाऱ्यांनाही सोडवत बसावं लागलं.

ज्यावर खर्च झाला नाही ते म्हणजे सैन्य. १७५६च्या ऑगस्टमध्ये प्रशियाचा फ्रेडरिक, अल्गारोत्तीला काउंट करणारा तोच, सॅक्सनीत घुसला. सॅक्सनीचं सैन्य, जेमतेम १८,००० च्या आसपास, पिर्नाजवळ अडकलं आणि ऑक्टोबरमध्ये उपासमारीने शरण आलं. फ्रेडरिकने त्यातल्या सैनिकांना सरळ आपल्या पलटणींत भरती केलं. राजा आणि ब्र्यूल वॉर्साला निघून गेले. सॅक्सनीच्या लोकांनी पुढची सात वर्षं शत्रूच्या खंडण्या भरल्या. १७६० मध्ये ड्रेस्डेनवर तोफा चालल्या, शहराचा मोठा भाग जळाला. फ्रेडरिकचा ब्र्यूलवर खास राग होता, त्याचे महाल त्याने ठरवून उद्ध्वस्त करवले.

१७६३ मध्ये युद्ध संपलं आणि राजा ड्रेस्डेनला परतला. ऑक्टोबरमध्ये तो गेला. त्याच महिन्याच्या शेवटी ब्र्यूलही गेला. नवीन कारभाऱ्यांनी त्याच्या मालमत्तेची चौकशी लावली. पुस्तकं १७६८ मध्ये ड्रेस्डेनच्या राजग्रंथालयाने घेतली. चित्रांचं काय? ती १७६९ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने वारसांकडून एकगठ्ठा विकत घेतली. त्यात आपलं मायसीनसही गेलं. म्हणून ते हर्मिटेजमध्ये आहे. कॅथरीनलाही कलेची उदार आश्रयदाती म्हणून युरोपात नाव हवंच होतं. त्यामुळे चित्राला नवीन मालकीण मिळाली, पण काम तेच राहिलं.

आता तुम्ही विचाराल, मग हे चित्र आवडून घ्यायचं की नाही? आमच्या ग्रुपवर यावर रात्री एक वाजेपर्यंत भांडण झालं. एक मैत्रीण म्हणाली, ‘करातून आलेल्या पैशाची ही जाहिरात आहे, तिला सुंदर म्हणणं म्हणजे जाहिरातीला फसणं.’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘पैसे तसेही जनतेला मिळाले नसते, निदान चित्रं तरी राहिली.’ मला दोन्ही पटत नाहीत. दुसरं जास्त खटकतं, कारण ‘तसेही मिळाले नसते’ हे आपण त्या लोकांच्या वतीने ठरवतोय. पण पहिल्यालाही माझं एक उत्तर आहे. त्या राजाने जमवलेली चित्रं आजही ड्रेस्डेनच्या गॅलरीत आहेत. तिकीट काढून कोणीही बघू शकतो. राजाने लोकांचा विचार केला होता म्हणून नव्हे. वस्तू टिकल्या, मालक बदलले, दारं उघडली. भेट खरी निघाली, फक्त देणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचा पत्ता चित्रात दाखवला होता तो नव्हता.

आणि मला ते चित्र आवडतं. सगळं कळल्यावर जास्त आवडतं. आवडतं ते होमरमुळे. सगळे त्या दृश्यात कोणाला ना कोणाला बघतायत, कोणाला तरी दिसावं म्हणून उभे आहेत. एकट्या होमरला सम्राट दिसत नाही. त्याला सिंहासन किती उंच आहे ते कळायचा मार्ग नाही, मागचा बंगलाही नाही. तिएपोलोने हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. होमर आंधळा दाखवायची प्रथाच होती. पण एकदा लक्षात आलं की नजर परत परत तिथेच जाते.

राहिला प्रश्न त्या मागच्या घराचा. एल्बकाठचा तो ब्र्यूलचा महाल १९०० साली पाडला, तिथे सॅक्सनीच्या विधिमंडळाची इमारत उभी राहिली. त्याला लागून असलेली ब्र्यूलची खासगी बाग मात्र १८१४ मध्ये लोकांसाठी खुली झाली. नेपोलियनच्या पराभवानंतर ड्रेस्डेनचा कारभार काही काळ रशियन गव्हर्नर रेप्निनकडे होता, त्याने ती उघडली आणि वर चढायला मोठा जिना बांधवून घेतला. आज ती ‘ब्र्यूलची गच्ची’ म्हणूनच ओळखली जाते. संध्याकाळी लोक तिथे आइस्क्रीम खात नदी बघत बसतात. आणि दुसऱ्या चित्रातलं ते नेपच्यूनचं कारंजं शहरातल्या एका हॉस्पिटलच्या आवारात आहे.

ड्रेस्डेनला किंवा जवळपास कोणी ऐकणारे असाल, आणि त्या जिन्यावरून फोटो काढून पाठवलात, तर पुढच्या भागाच्या कव्हरला लावू. नाव तुमचंच टाकू, काळजी नको. भेटू!